अर्धा इंच म्हणजे किती?



या टेबलावर मी दोन लोखंडी वस्तू मांडून ठेवल्या आहेत. मागच्या रांगेतल्या मंडळींना त्या नीट दिसणार नाहीत, म्हणून सांगतो. हे मोटार-दुरुस्तीचे दोन जुने पाने आहेत. दोन्ही मी पुण्याच्या जुन्या बाजारात, एकाच विक्रेत्याच्या एकाच गोणपाटावरून, वजनावर विकत घेतले. दोन्हींवर ठोकलेला आकडा एकच आहे : १/२. आता अर्धा इंच तो अर्धा इंच. त्यात दोन मते कशी असणार? पण हे पाने शेजारी-शेजारी धरले, तर एकाचा जबडा दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे, हे पहिल्या रांगेतल्या मुलांच्याही लक्षात येईल.

मग यांतला खोटे कोण बोलतो? उत्तर असे की, दोघेही खरेच बोलतात. एकाच आकड्याचे दोन अर्थ जगात कसे निर्माण झाले, त्यापायी माणसांना काय सोसावे लागले, आणि पुढे त्यांनी आपसांत समेट कसा केला, ही हकिकत मला आज आपणापुढे मांडायची आहे. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंतचे विषय चर्चिले जातात, तेथे नट-बोल्ट घेऊन येणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु इतिहास केवळ बखरींच्या पानांवर लिहिलेला असतो असे नाही. तो गॅरेजातल्या पान्यांवरही कोरलेला असतो. फक्त तो वाचण्याची सवय हवी.

मला ती सवय एका फजितीने लागली. ती आधी सांगतो.

माझ्या एका स्नेह्याच्या घरी एम.जी. जातीची, टी.डी. नमुन्याची जुनी इंग्रजी मोटार होती. ही गाडी १९५० ते १९५३ या काळात तयार होत असे. इंजिनाच्या बाजूचा एक लहानसा बोल्ट तेल गाळत होता. तो काढून नवा बसवावा, एवढेच काम. मी माझी मिलिमीटर मापाच्या पान्यांची पेटी उघडली. १३ चा पाना बोल्टाच्या डोक्यावर बसेना. १४ चा बसला, पण सैल. जोर लावला तेव्हा तो घसरला आणि डोक्याचे कोपरे झिजले. तेथे एक वृद्ध मिस्त्री बसले होते. ते काही बोलले नाहीत. आपल्या पिशवीतून त्यांनी एक काळा पडलेला पाना काढून माझ्या हाती दिला. त्यावर ‘१/४ डब्ल्यू’ असे लिहिले होते. तो अंगठीसारखा बसला आणि बोल्ट निघाला. मला वाटले, कोडे सुटले. गाडी इंग्रजी, पाना इंग्रजी, तेव्हा बोल्टही इंग्रजीच हवा. मी बाजारातून त्याच जाडीचा इंग्रजी आट्यांचा बोल्ट आणला. तो दोन फेरे गेला आणि अडला. मी शहाण्यासारखा थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. पान्यावर जोर दिला, आणि भोकातले आटे गेले.

तेव्हा मिस्त्री म्हणाले, “साहेब, हिला पाना इंग्रजी लागतो, पण हिचे आटे इंग्रजी नाहीत.” ते असे का, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पण ते तसे आहे, हे त्यांचा हात जाणत होता. त्या ‘का’चे उत्तर शोधता शोधता मी कितीतरी वर्षे मागे गेलो.

यंत्रयुगाच्या आरंभी प्रत्येक कारखाना स्वतःपुरते आटे कापीत असे. आटे म्हणजे बोल्टाच्या अंगावरची चढत जाणारी नागमोडी खाच. ती किती खोल, किती तिरकस, एका इंचात तिचे किती वेढे, याला काही नियम नव्हता. लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले यांनी आटे अचूक कापणारा लेथ बसवला आणि आपल्या कारखान्यापुरती शिस्त लावली. परंतु मॉड्स्लेंचा नट शेजारच्या कारखान्यातल्या बोल्टावर बसेल, याची खात्री नव्हती. यंत्र बिघडले की ते ज्याने बनवले त्याच्याच दारी जावे लागे. मालक मेला वा कारखाना बुडाला, तर यंत्रही पोरके होई.

या दुखण्यावर १८४१ या एकाच वर्षी दोन देशांत दोन उपाय पुढे आले, आणि ते परस्परांच्या अगदी उलट होते, हे मला फार बोधप्रद वाटते.

पहिला उपाय अमेरिकेतला. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर गावच्या लोरिंग कोज याने त्या वर्षी एका सरकत्या जबड्याच्या पान्याचे पेटंट घेतले. ज्या हाताने मूठ धरायची, त्याच हाताच्या अंगठ्याने स्क्रू फिरवून जबडा हवा तेवढा उघडता येई. याचा अर्थ असा की, जगात नट कितीही मापांचे असोत, एक पाना सर्वांना पुरेल. आपल्याकडे ज्याला स्क्रूपाना म्हणतात, त्याचा हा पूर्वज. पुढे १८९० नंतर स्वीडनमध्ये योहान पेटर योहान्सन यांनी याच जातीच्या पान्याला जे सुटसुटीत रूप दिले, ते आजही घरोघरी दिसते.

दुसरा उपाय इंग्लंडातला. जोसेफ व्हिटवर्थ हा १८०३ साली स्टॉकपोर्ट येथे जन्मलेला कारागीर. तो मॉड्स्लेंच्या कारखान्यात शिकला आणि १८३३ साली मँचेस्टरला स्वतःचा कारखाना घालून बसला. त्याने १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे एक निबंध वाचला. त्याचे म्हणणे साधे होते. पाना कशाला बदलता? नट-बोल्टच सर्वत्र सारखे करा.

पण सारखे म्हणजे कोणासारखे? येथे व्हिटवर्थचे मोठेपण दिसते. त्याने ‘माझ्यासारखे करा’ असे म्हटले नाही. देशातल्या अनेक कारखान्यांतून त्याने बोल्टांचे नमुने गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांचा मध्य काढला. आट्यांचा कोन ५५ अंशांचा ठरला. पाव इंची बोल्टाला इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८, असे कोष्टक त्याने बांधले. यांतले एकही माप शास्त्रदृष्ट्या ‘हेच आणि दुसरे नाही’ असे नव्हते. सर्वांनी थोडे थोडे सोडले तर सर्वांना चालेल, असे ते माप होते. प्रमाण म्हणजे सर्वांत उत्तम नव्हे. प्रमाण म्हणजे सर्वांना सोसणारे. रेल्वे कंपन्यांनी ते उचलले आणि हळूहळू सारा ब्रिटन त्या मापावर आला.

त्याचा उपयोग लवकरच दिसला. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमाराला लहान गनबोटींसाठी नव्वद इंजिने तातडीने हवी होती. एका कारखान्याच्या आवाक्यातले ते काम नव्हते. जॉन पेन यांनी नमुन्याची इंजिने सुटी केली आणि त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांकडे पाठवून तशाच प्रती करवून घेतल्या. आटे सर्वत्र व्हिटवर्थचे असल्यामुळे परक्या गावी घडलेला तुकडा येथल्या तुकड्याला बसला. नव्वद दिवसांत नव्वद इंजिने उभी राहिली, असे या कामाचे वर्णन केले जाते. एकमेकांना कधी न पाहिलेल्या कारागिरांनी मिळून एक यंत्र घडवणे शक्य झाले, ही त्यातली खरी क्रांती.

येथे गोष्ट संपली असती तर टेबलावरचे हे दोन पाने सारखेच असते. पण समुद्रापलीकडे अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे वेगळेच माप मांडले. व्हिटवर्थच्या आट्यांचे माथे गोल असतात आणि तशी गोलाई अचूक घडवायला कसबी हात लागतो, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी कोन ६० अंशांचा धरला आणि माथे सपाट केले. साध्या कारागिरालाही असे आटे कापता येत. आक्षेप खोटा नव्हता. परंतु परिणाम असा झाला की, इंग्रजी बोलणाऱ्या दोन राष्ट्रांचे बोल्ट एकमेकांशी बोलेनासे झाले. आणि गंमत पाहा : बहुतेक नेहमीच्या मापांत दोघांचे इंचातले आटे सारखेच आहेत, अर्ध्या इंचात मात्र इंग्रजांचे १२ आणि अमेरिकनांचे १३. म्हणजे पुष्कळदा एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर चढतो, धरल्यासारखा वाटतो, आणि आतून नीट धरतच नाही. उघड वैरापेक्षा अशी अर्धवट मैत्री अधिक घातक.

तिकडे युरोपखंडात मीटरचे राज्य चालू होते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. त्याच वर्षी २० मे रोजी पॅरिसला अनेक राष्ट्रांनी मीटरच्या करारावर सह्या केल्या. पुढे १८९८ साली झुरिच येथे परिषद भरून मिलिमीटर मापाच्या आट्यांवर एकमत झाले. अशी आट्यांची तीन घराणी जगात नांदू लागली.

माप न जुळल्याने काय होते, याचा धडा अमेरिकेला १९०४ च्या फेब्रुवारीत मिळाला. बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया अशा शहरांतून बंब धावून आले. माणसे होती, बंब होते, पाणीही होते. पण अनेकांच्या नळ्यांच्या तोंडांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यांतल्या नळांना बसेनात. सुमारे ३० तास आग जळत होती, आणि १५०० हून अधिक इमारती त्यात गेल्या. मदतीला आलेल्यांनी नळी हातात धरून आग पाहत उभे राहावे, याहून दारुण दृश्य कोणते? पुढच्याच वर्षी अमेरिकेत अग्निशामक नळ्यांच्या आट्यांचे राष्ट्रीय माप ठरले.

आता मोटारीकडे वळू. मोटार ही धडधडणारी वस्तू. रेल्वेच्या पुलाला जो जाड आट्यांचा बोल्ट शोभतो, तो मोटारीच्या हादऱ्यांनी सैल होऊ लागला. बारीक आटे लवकर ढिले होत नाहीत, म्हणून अमेरिकेच्या मोटार-कारखानदारांनी १९०६ मध्ये बारीक आट्यांचे स्वतंत्र कोष्टक केले. ब्रिटनमध्ये १९०८ च्या सुमारास ‘ब्रिटिश स्टँडर्ड फाइन’, म्हणजे बी.एस.एफ., हे माप आले. त्यात पाव इंची बोल्टाला २० ऐवजी २६ आटे. या बारीक आट्यांच्या बोल्टाचे डोकेही व्हिटवर्थपेक्षा एक पायरी लहान ठेवले. म्हणून जुन्या इंग्रजी पान्यावर कधी कधी दोन-दोन आकडे असतात : एका बाजूला ‘१/४ डब्ल्यू’ आणि त्याच तोंडासाठी ‘५/१६ बी.एस.एफ.’ तोंड एक, नावे दोन.

आणि आता टेबलावरच्या कोड्याचे उत्तर. इंग्रज कारागीर पान्यावर बोल्टाच्या दांड्याची जाडी लिहीत असे. अर्धा इंच जाडीच्या व्हिटवर्थ बोल्टाचे डोके समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंत ०.९२० इंच भरते. म्हणून ‘१/२ डब्ल्यू’ पान्याचा जबडा जवळजवळ एक इंच उघडा. नंतरच्या अमेरिकी पान्यांवर मात्र त्या सपाट बाजूंमधले अंतरच लिहिण्याची पद्धत पडली, आणि पुढे ब्रिटनमध्येही अशा पान्यांवर ‘ए.एफ.’ ही अक्षरे दिसू लागली. म्हणून ‘१/२ ए.एफ.’ पान्याचा जबडा बरोबर अर्धा इंच. एक पाना बोल्टाची जात सांगतो, दुसरा स्वतःच्या तोंडाचे माप सांगतो. दोघेही खरे. पण ऐकणाऱ्याला भाषा ओळखता आली पाहिजे.

मोटारीबरोबर हत्यारांचेही युग सुरू झाले. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी निघाली. गाडीबरोबर गिऱ्हाइकाला फोर्डचे नाव कोरलेले पाने मिळत, कारण रस्त्यात गाडी बिघडली तर मालकालाच अंगरखा काढून खाली शिरावे लागे. १९२० साली जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडेमन यांनी मिलवॉकी येथे ‘स्नॅप-ऑन’ नावाने सुट्या वाट्यांचा पाना विकायला काढला. दांडे पाच, वाट्या दहा. हवी ती वाटी हव्या त्या दांड्याला लावा. पन्नास पान्यांचे काम पंधरा तुकड्यांत. आज कोणत्याही गॅरेजात दिसणारी सॉकेटची पेटी ही त्याच कल्पनेची संतती.

आणि माझ्या फजितीचे काय? तिचे मूळ कव्हेंट्री शहरात आहे. हॉचकिस ही तोफा-बंदुका करणारी फ्रेंच कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडातल्या कव्हेंट्रीला मशीनगनचा कारखाना काढला. युद्ध संपले; यंत्रे रिकामी. तेव्हा विल्यम मॉरिस यांनी आपल्या मोटारींची इंजिने त्या कारखान्याकडून करवून घेतली, आणि १९२३ साली तो कारखानाच विकत घेतला. पण त्यातली यंत्रे फ्रेंच मापाची, मिलिमीटरचे आटे कापणारी. ती सगळी बदलायची तर केवढा खर्च! मॉरिसच्या मंडळींनी व्यवहारी तोडगा काढला. आटे मिलिमीटरचेच राहू दिले, आणि बोल्टाची डोकी मात्र व्हिटवर्थच्या मापाची केली, म्हणजे इंग्रज गिऱ्हाइकाच्या घरातला पाना त्यांना चालेल. मॉरिस आणि एम.जी. या एकाच घरच्या गाड्या. म्हणून १९५० नंतरच्या माझ्या स्नेह्याच्या एम.जी.तही तीच चाल टिकून होती. बाहेरून इंग्रज, आतून फ्रेंच! आठ मिलिमीटर जाडीच्या, एका मिलिमीटरला एक वेढा असलेल्या भोकात मी ५/१६ इंचाचा इंग्रजी बोल्ट घुसवीत होतो. जाडीत केसाएवढा फरक, म्हणून तो दोन फेरे गेला. आट्यांत फरक, म्हणून अडला. त्या मिस्त्रींच्या हाताला १९२३ सालचा एक सौदा ठाऊक होता. त्याची तारीख फक्त ठाऊक नव्हती.

या तीन घराण्यांच्या भांडणाची मोठी किंमत दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. रोल्स-रॉइसचे ‘मर्लिन’ हे विमानाचे इंजिन अमेरिकेत बनवण्याचे काम १९४० साली डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीने पत्करले. इंजिनाचे सारे आटे ब्रिटिश, आणि ते कापण्याची हत्यारे अमेरिकेत तयार मिळेनात. तेव्हा पॅकार्डला आधी ती हत्यारे घडवावी लागली, मग इंजिने. अखेर तेथून ५५,००० हून अधिक इंजिने बाहेर पडली, पण दोस्त राष्ट्रांना धडा मिळाला. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला एकत्रित आट्यांच्या करारावर सह्या केल्या. कोन अमेरिकेचा, ६० अंशांचा. खाचेच्या तळाशी गोलाई ब्रिटनची. व्हिटवर्थच्या निबंधानंतर १०७ वर्षांनी पुन्हा एकदा दोघांनी थोडे थोडे सोडले. त्यानंतर १९६५ साली ब्रिटनने मेट्रिक मापांकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला, आणि इंची पाने हळूहळू पेटीच्या तळाशी गेले.

आपल्या देशात या तिन्ही घराण्यांचा संगम झाला. मुंबईत १८९८ साली मोटारी आल्या. लढाई संपल्यावर ‘डिस्पोजल’च्या मालात विलायती व अमेरिकन हत्यारांचे ढीग बाजारात आले, ब्रिटिश लष्कराचे बाणाचे चिन्ह असलेला पाना जुन्या बाजारात आजही हाती लागतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून इटालियन घराण्याची फियाट ११०० निघू लागली. तिला मिलिमीटरचे पाने. महिंद्रांनी १९४९ मध्ये मुंबईत जीप जोडायला घेतली. तिला अमेरिकन इंची पाने. जुन्या बुलेट मोटारसायकलीला व्हिटवर्थ घराण्याचे. आपल्या मिस्त्रीने हा सारा गोंधळ न कुरकुरता अंगावर घेतला. इंचाचे आठ भाग करून तो ‘दोन सूत’, ‘चार सूत’ म्हणू लागला. आणि मिलिमीटरचे दुतोंडी पाने आले तेव्हा त्यांना जोडीने नावे दिली. ‘अरे, बारा-तेरा दे’, ‘सोळा-सतरा आण’, ही हाक ऐकली नाही असे गॅरेज महाराष्ट्रात सापडायचे नाही. ज्या पोऱ्याला शाळेत अपूर्णांक जमले नाहीत, तो येथे तीन राष्ट्रांची कोष्टके बोटांवर खेळवी.

हे सारे मी इतिहासाच्या हौसेने सांगत असलो, तरी त्याला एक निकडीची बाजू आहे. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. जुन्या गाड्या आता हौशी लोकांच्या छपराखाली उरल्या आहेत, आणि त्या राखायच्या तर त्यांची भाषा जाणणारे पाने हवेत. नवा पाना ‘जवळजवळ’ बसतो. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंची नटावर चढतो, पण त्यात सुमारे ०.३ मिलिमीटरची फट सुटते आणि कोपरा झिजतो. याउलट १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच यांत फरक नावापुरता, तेथे चालते. कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे ज्ञान पुस्तकांत थोडे आणि हातांत फार आहे. ते हात आता म्हातारे झाले आहेत.

म्हणून ज्यांना जुनी हत्यारे जमवण्याचा छंद आहे किंवा लागू पाहत आहे, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली, पाना विकत घेताना चमक पाहू नका, तोंड पाहा. जबड्याच्या आतल्या दोन बाजू समांतर आहेत का, कडा पसरल्या आहेत का, हे पाहा. अंगावर कोणी कानस वा ग्राइंडर फिरवून माप ‘वाढवले’ असेल, तर तो पाना कामातून गेला. निळसर जांभळी झाक दिसली तर तो कधी तरी आगीत तापला आहे. त्याच्या पोलादाचे पाणी उतरले असण्याचा संभव मोठा.

दुसरी, गंज काढताना घाई करू नका. रॉकेलमध्ये बुडवून ठेवणे व तारेच्या ब्रशाने घासणे, हा जुना मार्ग. साखर कारखान्याची मळी आपल्याकडे मिळते. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी यांत लोखंडी पाना आठ-पंधरा दिवस ठेवला, तर गंज सुटून येतो आणि कोरलेली अक्षरे शाबूत राहतात. धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी-चार्जरच्या साहाय्यानेही गंज काढतात. मात्र ते काम उघड्या हवेत करावे, आणि पाण्यात सोडायचा दुसरा तुकडा साध्या लोखंडाचा असावा, स्टेनलेस स्टीलचा कधीही नसावा, कारण त्यातून विषारी द्रव्य उतरते. शेवटी तेलाचा हात. नवा मुलामा चढवू नका. मुलाम्याने पाना देखणा होतो आणि मुका होतो.

तिसरी, पाना वापरा. नट अडला तर तेल सोडून रात्रभर थांबा. आधी बंद तोंडाचा रिंग पाना लावा, उघड्या तोंडाचा मागून. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. निसटला तर निदान बोटांची सालपटे वाचतात. दांड्यावर हातोडा मारू नका आणि नळी चढवून लांबी वाढवू नका. मात्र एका बाबतीत जुन्याचा मोह नको. जुना जॅक कपाटात शोभतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. गाडी उचलायला जॅक, पण तोलून धरायला मजबूत घोड्याच हव्यात.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक पान्याला एक चिठ्ठी बांधा. तो कोठून आला, कोणत्या गाडीचा, कोणत्या नटाला बसतो आणि कोणत्याला बसल्यासारखा वाटून फसवतो, हे लिहा. आपल्या गावातल्या वृद्ध मिस्त्रींना घरी बोलावून चहा पाजा, पेटी पुढे ठेवा आणि ते बोलतील ते उतरवून घ्या.

कोणी विचारील, हा गेलेल्या काळाचा मोहच नव्हे काय? जगाने एक माप पत्करले, ते चांगलेच झाले. मग जुन्या भेदांची वह्या-कागदांत जपणूक कशाला? मला वाटते, प्रमाण भाषा आली म्हणून बोलीचा कोश जाळून टाकावा, असे आपण म्हणत नाही. बोली उमगली नाही तर आजीची अर्धी गोष्ट हरवते. जुने यंत्र ही तशीच एक गोष्ट आहे, आणि पाना हा तिचा कोश. शिवाय त्यात एक शिकवणही आहे. व्हिटवर्थने मध्य काढला, मॉरिसने फ्रेंच आट्यांवर इंग्रजी डोके बसवले, तीन राष्ट्रांनी कोन एकाचा आणि गोलाई दुसऱ्याची घेतली. जग एकत्र आले ते कोणा एकाच्या विजयाने नव्हे, अशा लहान लहान तडजोडींनी. त्या तडजोडी करारनाम्यांत शोधायला जाऊ नका; त्या जुन्या पान्याच्या दांड्यावर दोन आकड्यांत लिहिलेल्या आहेत.

येथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या माळ्यावर, जिन्याखाली, वडिलांची वा आजोबांची अशी एखादी पत्र्याची पेटी असेल. भंगारवाला ती किलोने नेतो. ती देण्यापूर्वी एकदा उघडा आणि आकडे वाचा. माझ्या स्नेह्याच्या त्या एम.जी.ला पुढे भोकात नवे आटे पाडून योग्य बोल्ट बसला आणि तेल गळायचे थांबले. परंतु तो काळा पाना मिस्त्रींनी परत घेतला नाही. “तुमच्याकडेच असू द्या,” ते म्हणाले, “आमच्याकडे आता हा कोणी मागत नाही.” तो आज मी मुद्दाम आणला आहे. व्याख्यानानंतर तरुण मंडळींनी येथे येऊन तो हातात धरून पाहावा, अशी माझी विनंती आहे. त्याचे वजन शब्दांनी सांगता येत नाही.